मदत हवी आहे: ॲकॉर्डमधलं (आधीच मिसळून ठेवलेल्या सुगंधी मिश्रणातलं) ओकमॉस (लायकेनचा सुगंधी अर्क) बेरजेत कसं आणायचं?

मंडळी, परफ्यूमचे फॉर्म्युले लिब्रेऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये ठेवतोय, सगळं ग्रॅममध्ये (थेंबांवर भरवसा नाही). साधं डायल्युशन जमतं: ॲम्ब्रॉक्सन या सुगंधी रसायनाचं डीपीजी या द्रावकातलं 10% द्रावण 2 ग्रॅम घातलं की शुद्ध माल 0.2 ग्रॅम, उरलेले 1.8 डीपीजीच्या खात्यात. घोळ ॲकॉर्डमध्ये होतो. शिप्रे बेस (ओकमॉस असलेला असाच एक ॲकॉर्ड) एका ओळीत घेतला की त्यातलं ओकमॉस बेरजेतून निसटतं, वरून घातलेलं तेवढंच दिसतं. इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेची 0.1% मर्यादा तर तयार परफ्यूममधल्या एकूण ओकमॉसवर असते. व्हीलुकअप (तक्त्यात शोधून आकडा आणणारं कॅल्कचं फंक्शन) एकच पातळी उलगडतो. बेसमधला बेसही फोडणारी शीट किंवा फुकटचं सॉफ्टवेअर पुण्यात कोणी वापरतं का? आणि रविवार पेठेतून आणलेल्या सुट्या मालावर कॅस नंबर (रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) नसेल, तर नोंद कशी करता?