उपरोध कळत नाही आणि हेत्वाभास पटतो: वर्गातल्या दोन उताऱ्यांवरून चर्चा

मूळ मांडणी: खानापूर तालुक्यातील एक मराठी शिक्षिका

गेल्या आठवड्यात मी नववीच्या वर्गाला दोन उतारे दिले. दोन्ही मीच लिहिले होते, पण ते मुलांना सांगितले नव्हते. पहिला असा: “गावातली शाळा बंद झाली ही पर्वणीच म्हणायची. आता पोरांना रोज सहा किलोमीटर चालायला मिळेल, पावसाळ्यात ओढा ओलांडताना पोहणे आपोआप येईल आणि पुस्तके वाहून गेली की दप्तराचे ओझेही उरणार नाही.” दुसरा असा: “ज्या वर्षी शेजारी कन्नड शाळा सुरू झाली, त्याच वर्षी आमच्या शाळेचा पट घटला. मराठी शाळा कोणी संपवली, हे यावरून सिद्ध होते.”

पहिला उतारा वाचून मागच्या बाकावरची एक मुलगी संतापली. “बाई, शाळा बंद झाली ते बरं झालं म्हणतोय की हा माणूस!” असे म्हणून तिने कागद उलटा करून ठेवला. तिच्या वस्तीवरून शाळेत येताना खरोखरच ओढा लागतो. दुसऱ्या उताऱ्यावर मात्र कोणीच हरकत घेतली नाही; उलट काहींनी माना डोलावल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, ही म्हण या मुलांना पाठ आहे आणि उताऱ्यातला हेत्वाभास, म्हणजे वरवर पटणारा पण फसवा हेतू, नेमका तोच आहे. पट घटण्यामागे इंग्रजी माध्यमाची ओढ असू शकते, कामासाठी गोव्याला किंवा पुण्याला गेलेली कुटुंबे असू शकतात, घरागणिक मुलेच कमी झाली असू शकतात. यांपैकी एकाही गोष्टीची चौकशी त्या तीन ओळींत नाही.

माझ्या मते या दोन्ही चुका एकाच सवयीतून होतात. लिहिणारा आपल्या बाजूचा आहे का, एवढेच आपण पाहतो आणि तो तिथपर्यंत कसा पोहोचला हे तपासत नाही. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, छलाचे, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा भलताच अर्थ लावून वाद घालण्याचे, तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतला उपचारछल म्हणजे लाक्षणिक बोलणे शब्दशः घेऊन त्यावर आक्षेप घेणे. ‘मंच ओरडत आहेत’ असे कोणी म्हटले की ‘लाकडाचे मंच कसे ओरडतील, ओरडतात ती त्यांवरची माणसे’ असा प्रतिवाद करणे, हे त्याचे जुने उदाहरण आहे. उपरोध शब्दशः घेऊन त्यावर तुटून पडणारा वाचक नकळत हेच करत असतो. म्हणून उपरोध आणि तर्कदोष हे दोन्ही एकत्रच शिकवले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

उत्तर: निपाणीहून एक निवृत्त मुख्याध्यापक

बाई, आपल्या कळकळीबद्दल शंका नाही, पण त्या मुलीला आपण छल करणाऱ्याच्या रांगेत बसवलेत हे मला पटत नाही. छल करणाऱ्याला समोरच्याचा खरा अर्थ कळलेला असतो आणि तरीही तो शब्द पकडतो. त्या मुलीला अर्थ कळला नाही, कारण ज्याच्या दारात दुःख उभे असते त्याला त्यावरचा वाकडा सूर ऐकू येत नाही. हा दोष लिहिणाऱ्याचा आहे.

दुसरे असे की, आपण ज्या भागात राहतो तिथे मराठी मजकूर फोनवर कन्नडमध्ये आणि कन्नड मजकूर मराठीत फिरतो. भाषांतरात शब्द पोहोचतात, सूर पोहोचत नाही. 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिन पाळला जातो. त्या दिवसांत लिहिलेली उपरोधाची एक ओळ शेजारच्या गल्लीत सरळ शिवी म्हणून वाचली जाते. ज्याला लोकांचे मत वळवायचे आहे त्याने आपले म्हणणे सरळ लिहावे, आणि उपरोध लिहायचाच असेल तर तो उपरोध असल्याचे वर नमूद करावे. शाळेत आधी ‘डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे’ हे सरळ अनुमान पक्के होऊ द्यावे.

उत्तर: बेळगावातील एक वकील

मला दोघांशीही मतभेद नोंदवायचा आहे. तर्कदोषांची नावे पाठ झाली की माणूस चांगला वाचक होतो, हे गृहीतच मला मान्य नाही. आमच्या व्यवसायात रोज दिसते की दुबळ्या युक्तिवादाचा पक्षही खरा असू शकतो. पट घटण्याचे कारण म्हणून त्या उताऱ्याने दिलेला पुरावा लटका आहे. त्यावरून कन्नड शाळेचा पटावर काहीच परिणाम झाला नाही, असेही ठरत नाही.

खरी फसवणूक अनेकदा निर्दोष वाक्यांतून होते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल घ्या. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह 264 गावे महाराष्ट्राला द्यावीत, अशी शिफारस त्यात होती, हे आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ असते. त्याच अहवालाने अक्कलकोट, दक्षिण सोलापूर यांसह 247 गावे कर्नाटकाला द्यावीत असे म्हटले आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले, हे त्याच दमात क्वचितच सांगितले जाते. पलीकडचा वक्ता नेमके उलटे करतो. दोघांचीही वाक्ये खरी असतात, दोघांच्याही तर्कात हेत्वाभास नसतो, आणि तरीही श्रोता अर्धे चित्र घेऊन घरी जातो. 2004 मध्ये महाराष्ट्राने याच सीमावादाबाबत सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यालाही आता दोन दशके उलटली. एवढ्या काळात एक अख्खी पिढी हे अर्धे आकडे ऐकत मोठी झाली आहे. काय वगळले, हे विचारायला आधी शिकवा.

पुन्हा मूळ शिक्षिका

सर, त्या मुलीबाबत आपण म्हणता ते बरोबर आहे. छल हा शब्द मी तिच्यासाठी वापरायला नको होता. उद्या वर्गात मी तिला तसे सांगणार आहे. मात्र वर ‘हा उपरोध आहे’ असे लिहावे, ही सूचना मी मान्य करू शकत नाही. एकनाथांच्या रोडग्याच्या भारुडातली सून भवानीआईला नवस बोलते आणि सासऱ्याला गावीच खपव म्हणते. आमच्याकडच्या सप्ताहांत ते ऐकणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बायकांना कोणी आधी खुलासा केला नव्हता. तरीही ही बाई खुनाचा नवस बोलते आहे, असे समजून कोणी उठून गेल्याचे मी पाहिले नाही. त्यांना सूर ओळखता येत होता, कारण तो त्यांनी लहानपणापासून ऐकला होता. आमच्या मुलांनी तो ऐकलेलाच नाही.

वकीलसाहेबांचा मुद्दा मात्र मला पुरता अडवतो, कारण माझ्या दोन्ही उताऱ्यांत वगळलेल्या गोष्टीची परीक्षाच नव्हती. पुढच्या तासाला मी फळ्यावर फक्त 264 गावांचे वाक्य लिहीन आणि मुलांनी अहवालाबद्दल आणखी काय विचारावे, याचे प्रश्न त्यांच्याकडूनच मागवीन. सर, आपले कन्नड माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले आहे. कन्नडमधला उपरोधाचा एखादा छोटा उतारा आणि त्याचे शब्दशः मराठी, असे दोन्ही आपण लिहून पाठवाल का? सूर नेमका कुठे हरवतो, हे मुलांनी दोन कागद शेजारी ठेवून स्वतः शोधावे, अशी माझी इच्छा आहे.