गडद काच म्हणजे संरक्षण नव्हे

गॉगलची काच जितकी काळी तितका डोळा उन्हापासून सुरक्षित, असं या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. काळा रंग फक्त उजेड कमी करतो. उन्हातले डोळ्याला अपाय करणारे अतिनील (यूव्ही) किरण अडवायचं काम काचेतल्या किंवा तिच्यावरच्या वेगळ्या घटकाचं असतं, आणि ते साध्या पारदर्शक चष्म्यातही असू शकतं. उलट तसं संरक्षण नसलेल्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला जास्तच वाट मिळते. गॉगलवर ‘यूव्ही ४००’ (म्हणजे जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवणारी काच) लिहिलंय का ते बघा. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत तपासायचं छोटं यंत्र असतं, तिथे खात्रीही करून घेता येते.

दुसरं म्हणजे बाजूने येणाऱ्या उन्हाबद्दल इथे कुणीच बोललं नाही. माझे मामा रत्नागिरीला होडीवर असतात. त्यांच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने गुलाबी, त्रिकोणी पापुद्रा बुबुळावर सरकत आला होता, त्यात बारीक लाल शिरा दिसायच्या. याला टेरिजियम म्हणतात. वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्यांत जास्त आढळतो. तो बहुधा नाकाच्याच बाजूला का येतो? कानाकडून आलेले किरण बुबुळाच्या वक्रतेमुळे नेमके तिथे एकवटतात, असं एक स्पष्टीकरण आहे. म्हणून अरुंद फॅशनच्या गॉगलपेक्षा कानापर्यंत वळलेला, चेहऱ्याला चिकटून बसणारा घ्या. टोपी हवीच, पण पाण्यावरून खालून येणारी तिरीप ती अडवत नाही.