‘मेलुहा’ आवडली नाही म्हणून तोंड उघडायचं नाही?

कृष्णाकाठ: अमीश त्रिपाठींच्या शिवावरच्या कादंबरी-त्रयीचा पहिला भाग ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ न आवडणारे नुसते नाकं मुरडणारे असतात, तिन्ही भाग वाचल्याशिवाय त्यांनी बोलूच नये, असं परवा इथे कुणीतरी ठणकावलं. राहवलं नाही म्हणून लिहितोय. पहिला भाग मी शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि साफ निराशा झाली.

सुरुवात झकास आहे. मानसरोवराकाठच्या टोळीचा नायक शिव, चिलीम ओढणारा, लढाईत सगळ्यांच्या पुढे. मेलुहा राज्यातल्या श्रीनगरला आयुष्य वाढवणारा सोमरस पोटात गेल्यावर बाकीची टोळी तापाने फणफणते आणि याचा गळा मात्र गारठतो, निळा पडतो. अंगावर काटा आला तिथे. पण मग? राजधानी देवगिरी बघा, तिचे रस्ते बघा, सांडपाण्याची व्यवस्था बघा, कायदे ऐका. ज्या सोमरसासाठी जीव टांगणीला लागलेला, त्याचं गुपित मेलुहाचा शास्त्रज्ञ बृहस्पती फोडतो ते ऑक्सिडंट आणि अँटिऑक्सिडंट सांगून! अद्भुताचा असा उलगडा करायचा असेल तर अद्भुतकथा वाचायची कशाला? २०१३ला आलेल्या तिसऱ्या भागाकडे बोट दाखवून २०१०चं पुस्तक मी का माफ करू?

रानजाई: सांडपाणी दिसलं, विकर्माचा, म्हणजे दुर्दैवी माणसाला पापी ठरवून अस्पृश्य करणारा कायदा नाही दिसला? सतीला मूल मृत जन्मलं, त्याच दिवशी नवरा गेला, म्हणून ती गेल्या जन्मीची पापीण. तिला शिवायचं नाही, शिवलात तर शुद्धी करून घ्या. माझी मावशी दोनदा बाळंत झाली, दोन्ही मुलं हाती लागली नाहीत. चुलत जावेच्या ओटीभरणाला ती नारळ घेऊन गेली तर दारातच कुणीतरी तिच्या हातातून नारळ काढून घेतला आणि तिला आत स्वयंपाकाला पाठवलं. मी तेव्हा परकर-पोलक्यात होते, पण तिचा चेहरा विसरले नाही. शिव तो कायदाच मोडायला निघतो तेव्हा मी पुस्तक मिटून खूप वेळ बसून होते. तुमचे अँटिऑक्सिडंट मला आठवतही नाहीत.

घाटमाथा: मावशींबद्दल वाईट वाटलं. पण विषय चांगला म्हणून लिखाण चांगलं ठरत नाही. इसवीसनपूर्व १९००मधली माणसं आणि बोलतात कशी, तर कंपनीच्या मीटिंगमध्ये बसल्यासारखी. ज्यांनी कोवळ्या वयात शिवाजी सावंतांचं कर्णावरचं ‘मृत्युंजय’ वाचलंय त्यांच्या घशाखाली हे उतरणार नाही. पुराणातला माणूस कसा उभा करायचा हे मराठीने १९६७लाच दाखवलंय.

शब्दवेडा: झालं, आलं ‘मृत्युंजय’! कर्णाला धुऊनपुसून देव करून ठेवलाय त्यात. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती उघडा. द्रौपदीने ‘सूताला वरणार नाही’ म्हटलं तो श्लोक मूळ संहितेत नाहीच, तळटिपेत गेलाय. त्या अपमानावर पिढ्यान्‌पिढ्या रडल्या. आणि भर सभेत द्रौपदीला विवस्त्र करा म्हणणारा कोण होता? तेही सोसलेल्या अपमानाच्या खाती टाकून मोकळे होता तुम्ही.

घाटमाथा: तोंड सांभाळून. माझे वडील एसटीत वाहक होते. मुक्कामी गाडीत दिव्याखाली त्यांनी ‘मृत्युंजय’ वाचलं आणि आम्हा भावंडांना सांगितलं, जन्मावरून कुणी हिणवलं तर मान खाली घालायची नाही. तुमच्या तळटिपांनी कुणाला असा आधार दिलाय?

शब्दवेडा: वडिलांबद्दल आदर आहे. पण आधार मिळाला म्हणून महाभारत बदलत नाही. इरावतीबाईंचं ‘युगान्त’ वाचा, त्यातला कर्ण माणूस आहे, चुकणारा. मला तोच जवळचा वाटतो.

घाटमाथा: वाचलंय. दोनदा. शिकवू नका.

रानजाई: अहो, चाललंय काय? धागा मेलुहाचा आहे. घाटमाथा, तुमच्या वडिलांना कर्णाने दिलं तेच मला सतीने दिलं. ‘मृत्युंजय’ला कादंबरी म्हणून मोकळीक आणि मेलुहाला मात्र मीटिंगचा टोमणा? भाषा सपाट आहे, तेवढं मान्य करते. त्यापुढे नाही.

घाटमाथा: बरं, मोकळीक घ्या. भाषेचं तेवढं मी सोडणार नाही.

कृष्णाकाठ: मोकळीक दोघांनाही असू दे, माझं भांडण तिथे नव्हतंच. रानजाई, विकर्माचा भाग पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग आहे, हे मानतो. म्हणून तर जास्त चीड येते. सतीचं दुःख असं हाताशी असताना पानंच्या पानं मेलुहाच्या कारभारात जातात. मूल जन्मताच मयिका नावाच्या नगरात सोपवायचं, कुणाचं कोण हे आईलाही कळू द्यायचं नाही, पुढे परीक्षा घेऊन जात ठरवायची. केवढी भयंकर कल्पना! एका आईच्या तोंडून ऐकवली असती तर झोप उडाली असती. इथे ती माहितीपत्रकासारखी येते आणि शिव कौतुकाने मान डोलावतो. शेवटी अयोध्येत देवळाबाहेर सतीवर एक नागा (जन्मतः व्यंग असलेल्या लोकांपैकी) झेपावतो आणि पुस्तक खलास! पुढचं २०११च्या पुस्तकात. कर्ण पटो न पटो, ‘मृत्युंजय’ एका पुस्तकात पुरं होतं. पहिला भाग म्हणून पैसे घेतले तर त्या भागात एक गोष्ट तरी पुरी करा, एवढंच मागणं आहे.

रानजाई: तो नागा कोण ते दुसऱ्या भागात कळतं, आणि त्याचा सतीच्या त्या मुलाशी संबंध आहे. यापुढे सांगत नाही. वाचा, मग भांडू.