वॉचमनच्या रजेचे पैसे आपण भरतो, मग खाडा कसा?

सचिव: नमस्कार मंडळी. रात्रपाळीचे वॉचमन वडील आजारी म्हणून गावी गेले होते. परत आल्यावर एजन्सीने त्या सगळ्या दिवसांचे खाडे धरून पगार कापला. काल ते ऑफिसात आले आणि विचारलं, सोसायटी काही करू शकेल का? एजन्सीच्या सुपरवायझरला फोन केला तर म्हणाले, 'काम नाही तर पगार नाही, सगळ्यांना हाच नियम.' रविवारी कमिटीसमोर विषय घेतोय. तोवर इथे मतं मांडा.

सी-६०१: फार वाईट वाटलं. आपण वर्गणी काढूया का? माझे ५०० धरा.

ए-४०४: वर्गणीला माझी ना नाही. पण ते एजन्सीचे कर्मचारी आहेत, आपले नाहीत. आपण मध्ये पडलो तर पुढच्या करारात एजन्सी रेट वाढवेल आणि मेंटेनन्स वाढला की याच ग्रुपवर ओरड होईल.

बी-५०३: ताई, वर्गणी जरूर काढू. फक्त एक लक्षात घ्या. वर्गणी ही आपली मदत झाली, आणि भरपगारी रजा ही त्यांची कमाई आहे. आज दादांचे वडील आजारी पडले, उद्या झाडू मारणाऱ्या मावशींना बरं नसेल. दर वेळी कोणी ग्रुपवर लिहील आणि आपल्याला दया येईल, यावर त्यांचा महिना अवलंबून नसावा. खजिनदार साहेब, एजन्सीच्या बिलाचं ब्रेकअप मिळेल का? नुसती एकूण रक्कम नको, सगळे हेड हवेत.

खजिनदार: आताच फाइल काढली. मूळ वेतन, विशेष भत्ता, घरभाडे भत्ता, पीएफ, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळ), बोनस, त्यानंतर 'रजा वेतन', त्याखाली 'रिलीव्हर', म्हणजे रजेवरच्या माणसाच्या जागी येणारा बदली वॉचमन, आणि शेवटी सर्व्हिस चार्ज. रजा वेतनाची ओळ प्रत्येक वॉचमनमागे आहे आणि दर महिन्याच्या बिलात आहे.

ए-४०४: म्हणजे रजेचे पैसे आपण आधीच देतोय?

खजिनदार: कागदावर तरी तसंच दिसतंय.

सी-६०१: मग त्यांचा पगार कापला कसा?

बी-५०३: हाच प्रश्न रविवारी सुपरवायझरला विचारायचा. मी पगारपत्रकं करण्याच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत. वर्षात किमान २४० दिवस काम झालं की दर २० दिवसांमागे १ अर्जित रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. शिवाय ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या, त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. आपल्या एजन्सीकडे शेकडो माणसं आहेत, त्यामुळे छोटी आस्थापना म्हणून त्यांना सुटता येणार नाही. केंद्राच्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत अर्जित रजेची अट २४० वरून १८० दिवसांवर आणली आहे.

आता रिलीव्हर. आपल्या दोन गेटवर बारा बारा तासांच्या चार ड्युट्या आहेत. एका माणसाच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ८ किरकोळ, ८ सणाच्या आणि सुमारे १४ अर्जित मिळून ८२ दिवस होतात. उरले २८३. वर्षाचे ३६५ दिवस एक ड्युटी भरायला साधारण १.२९ माणसं लागतात. चार ड्युट्यांना पाचाहून थोडी जास्तच. आपल्याकडे चारच आहेत. मग पाचवा माणूस कुठे आहे? बिलात आहे, गेटवर नाही. एक जण रजेवर गेला की उरलेल्या तिघांपैकी कोणीतरी डबल ड्युटी करतो. रात्री ज्यांना आपण खुर्चीवर पेंगताना पाहतो आणि ज्यांचे फोटो इथे टाकतो, ते अनेकदा चोवीस तास उभे असलेले असतात.

ए-४०४: हे माहीत नव्हतं. रेट वाढण्याचा माझा मुद्दा मागे घेतो, कारण वाढीव काही मागायचंच नाही, जे भरतोय ते पोचतं का एवढंच बघायचंय. पण ही आपलीच एजन्सी अशी आहे की सगळीकडे हेच चालतं? सगळीकडे असेल तर एजन्सी बदलून काय उपयोग?

बी-५०३: याचं उत्तर सरकारी आकड्यांत आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं श्रमबळाचं नियतकालिक सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, २०१७ पासून चालू आहे. २०१७-१८ च्या पहिल्या वार्षिक अहवालात शेतीबाहेरच्या नियमित पगारी नोकरदारांपैकी ५४.२ टक्के लोकांना भरपगारी रजा लागू नव्हती आणि ७१.१ टक्के लोकांकडे नोकरीचा लेखी करार नव्हता. हे रोजंदारीवाले नाहीत बरं का, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे लोक आहेत. अलीकडच्या अहवालांतही रजा नसलेल्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांच्या वरच आहे.

ए-४०४: पण सर्वेक्षणात लोक काय वाट्टेल ते सांगतात. आपल्या वॉचमनना विचारलं तर ते 'रजा नाही' म्हणतील, आणि कागदावर तर आहे! मग तो आकडा चूकच झाला ना?

बी-१०२: इथे मला बोलायला हवं. मी अशाच सरकारी नमुना पाहणीच्या क्षेत्रकामात नोकरी केली, घरोघरी जाऊन तक्ते भरले.

हा आकडा चूक ठरत नाही, उलट त्याची खरी किंमत तिथेच आहे. आम्ही मालकाला विचारत नाही, माणसाच्या घरी जाऊन विचारतो. मालकाला विचारलं असतं तर त्याने हे बिलच दाखवलं असतं आणि आपल्या वॉचमनची नोंद 'रजा आहे' अशी झाली असती. पीएफ आणि ईएसआयसीकडेही भरपूर माहिती आहे, पीएफची पगारपट आकडेवारी २०१८ पासून दर महिन्याला प्रसिद्ध होते. पण त्या नोंदीत जे आत आले तेच दिसतात. जो बाहेर राहिला, किंवा ज्याच्या नावावर हक्क आहे पण त्याला कोणी सांगितलंच नाही, तो फक्त घरी जाऊन विचारल्यावर सापडतो. ज्या रजेचा माणसाला पत्ता नाही, ती त्याला घेता येत नाही. म्हणून त्याचं 'नाही' हे आमच्या दृष्टीने खरंच 'नाही' असायचं.

सी-६०१: काका, हे पटलं अगदी. पण हे आकडे आपल्यासारख्यांना बघायला मिळतात का?

बी-१०२: मिळतात ताई, फुकट. अहवाल तर आहेतच, पण केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी केली की घराघराची कच्ची माहितीसुद्धा उतरवून घेता येते, नाव-पत्ता काढून टाकलेली. जानेवारी २०२५ पासून पाहणीची रचना बदलली आणि रोजगाराचे मुख्य आकडे दर महिन्याला येऊ लागले. रजेचा तपशील मात्र वार्षिक अहवालात बघायचा.

संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या काळात, १९५० साली, नमुना पाहणी सुरू झाली. पण मोजणीची ताकद त्याच्याही आधीची आहे. मुंबईचे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. 'कामगार नाराज आहेत' असं नुसतं सांगून ते काम झालं नसतं.

खजिनदार: काका, मग आपणही मोजायला हवं. एजन्सीचं मस्टर आपल्याकडे येतच नाही, फक्त बिल येतं. कोण किती दिवस आला, किती रजा झाल्या, डबल ड्युटी कोणी केली, याची आपल्याकडे एक ओळ नाही. सुपरवायझरने उद्या 'रजा दिल्या होत्या' म्हटलं तर मी काय दाखवणार?

बी-५०३: पुढच्या महिन्यापासून बिलासोबत हजेरीपट आणि पगाराच्या पावत्या आल्याशिवाय चेकवर सही करायची नाही, असा ठराव घेऊ. प्रत्येक वॉचमनला त्याची शिल्लक रजा लेखी कळली पाहिजे, आणि ती मराठीत किंवा हिंदीत हवी.

ए-४०४: ठरावाला माझं अनुमोदन. ईएसआयसीचा उपयोग होईल का इथे?

बी-५०३: कापलेल्या पगारासाठी या वेळी नाही, कारण आजारी वडील होते. तिथे अर्जित रजाच लागते. स्वतः आजारी पडले तर मात्र होतो. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना, सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार महामंडळ देतं. त्यांच्या पगारातून दर महिन्याला ०.७५ टक्के ईएसआयसीसाठी कापले जातात. मी खाली जाऊन चौघांनाही हे सांगतो. कार्ड निघालंय का तेही विचारतो.

सी-६०१: आणि आपल्या घरी येणाऱ्या कामवाल्या ताई? त्यांना हा दुकाने कायदा लागू नाही ना?

बी-५०३: नाही ताई. घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण त्यात भरपगारी रजेचा हक्क नाही. तिथे एजन्सी नाही, सुपरवायझर नाही, मालक आपणच. महिन्याच्या दोन सुट्ट्या आणि वर्षातून एकदा गावी जायचे पंधरा दिवस पगार न कापता, एवढं तरी प्रत्येक घराने ठरवावं असं मला मनापासून वाटतं.

सी-६०१: आमच्याकडून हो.

ए-४०४: आमच्याकडूनही.

बी-१०२: एक विनंती माझीही आहे, सचिव साहेब. पाहणीवाल्यांना सर्वांत जास्त नकार मोठ्या सोसायट्यांच्या गेटवर मिळतो. ओळखपत्र दाखवलं तरी 'कमिटीची परवानगी आणा' म्हणतात, वर फोन लावला तर 'वेळ नाही'. मग वस्तीतली उत्तरं मिळतात, चाळीतली मिळतात, आणि आपल्यासारख्यांची राहून जातात. सांख्यिकी संकलन कायदा २००८ चा आहे, त्याखाली दिलेली माहिती गुप्त ठेवावी लागते, आयकरवाल्यांकडे जात नाही. ओळखपत्र तपासून त्यांना वर पाठवायचं, असं गेटच्या सूचनांत लिहा.

सचिव: लिहितो काका. मंगळवारी नोटीस बोर्डावरही लावतो.

रविवारी सकाळी ११ ला ऑफिसात बैठक. सुपरवायझरना बिलाची प्रत पाठवून बोलावलं आहे. त्यांच्यासमोर वॉचमन मोकळं बोलणार नाहीत, म्हणून १० वाजता बी-५०३ आणि खजिनदार त्यांच्याशी वेगळं बोलतील. कापलेल्या पगाराचा निकाल लागेपर्यंत सी-६०१ ताई वर्गणी गोळा करतील. ती उसनी म्हणून परत घ्यायची नाही.

सी-६०१: अर्थातच. आणि काका, आमच्याकडे सासूबाईंना सांभाळायला मुलगी राहते, ती पाहणीत कुठे मोजली जाते? तिच्या गावच्या घरी?

बी-१०२: तुमच्याच घरी. जिथे राहते आणि जेवते, त्या कुटुंबाची सदस्य म्हणून. बहुतेक लोक 'आम्ही घरात चारच' असं सांगून टाकतात आणि अशा मुली कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. पाहणी आली तर तिचं नाव सांगा, आणि रजेचा प्रश्न आला की उत्तर तिलाच देऊ द्या.