फॅटी लिव्हर आणि विसराळूपणा यांचा संबंध असतो का?

केवडा (पुणे) :
नमस्कार. माझे यजमान ४७ वर्षांचे आहेत आणि दारूला शिवतही नाहीत. गेल्या महिन्यात कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असा शेरा आला; रक्ततपासणीत यकृताची एसजीपीटी ७८ आणि एसजीओटी ५२, म्हणजे दोन्ही वाढलेली आहेत. ‘तेलकट टाळा, वजन उतरवा’ एवढे सांगून आमची बोळवण झाली. मला मात्र वेगळीच काळजी लागली आहे. वर्षभरात ते फार चिडचिडे झाले आहेत, दुपारी जेवल्यावर बसल्या जागी पेंगतात, आणि गेल्या सोमवारी ‘सिलिंडरचा नंबर लावलास का?’ हे त्यांनी मला सकाळी नऊच्या आत तीनदा विचारले. रविवारचे शब्दकोडे ते एकहाती सोडवत असत. आता ते अर्धवट राहते. यकृतातल्या चरबीचा मेंदूवर आणि मनावर परिणाम होतो, की मी उगाच दोन गोष्टींची सांगड घालते आहे?

वैद्यकी :
ताई, मी फिजिशियन आहे, पण रुग्ण न तपासता निदान करणार नाही. सांगड अगदीच निराधार नाही. फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये नैराश्य अधिक आढळते, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. मात्र अशा रुग्णांना बहुधा मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा आणि अपुरी झोपही असते. शिवाय मन खचलेला माणूस चालणे सोडतो आणि वेळीअवेळी खातो, त्यामुळे आधी काय झाले हे सांगणे अवघड जाते. २०२२ मध्ये लंडन आणि लोझान येथील संशोधकांनी उंदरांना १६ आठवडे असा आहार दिला, की त्यातील ५५ टक्के उष्मांक चरबीतून यावेत. त्या उंदरांना फॅटी लिव्हर झाले, मेंदूतील प्राणवायू कमी झाला आणि वागण्यात चिंतेची व नैराश्याची लक्षणे दिसली. हे उंदीर होते, हे विसरू नये.

खरा प्रश्न चरबी किती हा नसून यकृतावर व्रण, म्हणजे फायब्रोसिस, किती हा आहे. सोनोग्राफीतील ग्रेड चरबीचा अंदाज देते, व्रणांचा नव्हे. या एका गैरसमजापायी ग्रेड १ वाले निर्धास्त आणि ग्रेड ३ वाले हवालदिल झालेले मी रोज पाहतो. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स यांवरून ‘फिब-४’ हा आकडा काढता येतो. पासष्टीच्या आतल्या व्यक्तीत तो १.३ पेक्षा कमी असेल, तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी असते; जास्त असल्यास फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यावा.

माळरान :
डॉक्टरांनी म्हटलेला हा फरक आम्हाला फार उशिरा कळला. माझ्या वडिलांनाही दारूचे व्यसन नव्हते. मधुमेह होता आणि रिपोर्टवर वर्षानुवर्षे ‘फॅटी लिव्हर’ एवढाच शेरा येत होता. पुढे सिरॉसिस झाला, म्हणजे व्रणांनी यकृत कडक झाले. पहिली खूण झोपेची होती : दिवसा ते गाढ झोपत आणि रात्री अडीच वाजता आंघोळीचे पाणी तापवायला सांगत. नंतर पेन्शनच्या कागदावरची सही रेघ सोडून खाली घसरू लागली आणि हात पुढे धरले की पंजे फडफडत. आम्ही त्याला म्हातारचळ समजलो! आतड्यात तयार होणारा अमोनिया निरोगी यकृत युरियात बदलते. ते थकले की तो मेंदूपर्यंत पोचतो, असे नंतर समजावून सांगण्यात आले. लॅक्टुलोजचे औषध सुरू झाले, आणि पोट साफ होऊ लागल्यावर चार दिवसांत त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. बद्धकोष्ठ झाले की पुन्हा तेच. अर्थात ही सिरॉसिसची गोष्ट आहे. तुमच्या यजमानांचे वर्णन मला तसे वाटत नाही.

ओवरी :
सगळा दोष यकृताच्या माथी मारण्यापूर्वी बी-१२, थायरॉइड आणि साखर पाहून घ्यावी. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास असते आणि तिच्यामुळेही विसरभोळेपणा व चिडचिड होते. ते घोरतात का? झोपेत श्वास अडकण्याचा विकार आणि फॅटी लिव्हर पुष्कळदा एकाच माणसात सापडतात, आणि दुपारची पेंग तिथूनच येऊ शकते. ‘लिव्हर साफ करणारे’ काढे मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आल्याची उदाहरणे मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत.

केवडा (पुणे) :
सर्वांचे मनापासून आभार. प्लेटलेट्स २ लाख ३० हजार आहेत, त्यावरून फिब-४ साधारण १.२ येतो. आमचे घर शाकाहारी आहे आणि बी-१२ कधीच तपासले नव्हते. ते १४८, म्हणजे कमी निघाले, म्हणून इंजेक्शने सुरू झाली आहेत.

वैद्यकी :
आकडा दिलासा देणारा आहे, पण सीमेच्या जवळ आहे; दोन वर्षांनी पुन्हा काढावा. वजन सात ते दहा टक्के उतरले, तर यकृताची सूज बहुतेकदा ओसरते. ८५ किलो असतील तर सहा ते साडेआठ किलो, तेही सावकाश. घोरण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिले नाही.

केवडा (पुणे) :
घोरतात, आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो. काल रात्री मी मोबाइलवर त्याचे चित्रण केले. त्यांना अजून दाखवलेले नाही. गुरुवारी थेट डॉक्टरांसमोरच दाखवणार आहे.