मदत हवी आहे : रेल्वे ग्रुप डीच्या मैदानी तयारीसाठी
भावांनो, आमच्या गल्लीतले एक काका रेल्वेतनं निवृत्त झालेत. रोज पहाटे आठ-दहा पोरापोरींकडून ग्रुप डी म्हणजे रेल्वेतल्या सगळ्यात खालच्या पातळीवरच्या पदांच्या भरतीची तयारी करून घेतात, एक रुपया न घेता. मुलांना ३५ किलो वजन खाली न ठेवता २ मिनिटांत १०० मीटर न्यायचं, शिवाय १००० मीटर ४ मिनिटं १५ सेकंदांत पळायचं. मुलींना वजन २० किलो. सध्या सिमेंटच्या पोत्यात वाळू भरून भागवतोय, पण शिवण उसवते आणि काकाच दाभण घेऊन बसतात! कोल्हापुरात कळंब्याकडं मोजलेला ट्रॅक सकाळी कुठं मिळेल? आणि आयटीआयनंतर रेल्वेत अप्रेंटिस केलेलं कोणी रविवारी तासभर पोरांशी बोलायला येईल का? मिसळ आमच्याकडं.