डायलिसिसमध्ये बीपी पडले आणि फिस्टुला बंद झाला

प्रश्न : माझ्या वडिलांचे (वय 67, वजन 60 किलो) हडपसरला आठवड्यातून दोनदा चार-चार तास डायलिसिस होते. सोमवारी चार लिटर पाणी काढायला घेतले होते. तिसऱ्या तासाला वरचे बीपी 140 वरून 85 वर आले, पायांत गोळे आले. पाय वर करून सलाइन दिल्यावर ते सावरले. मंगळवारी सकाळी त्यांनी सवयीने डाव्या मनगटावरच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) बोटे ठेवली, तर नेहमीची थरथर लागेना. फिस्टुलात गुठळी झाली असून सध्या मानेत कॅथेटर (डायलिसिससाठीची नळी) आहे. हे बीपी पडल्यामुळेच झाले का?

उत्तर 1 : मी डायलिसिस तंत्रज्ञ आहे. संबंध नक्कीच आहे. अमेरिकेतील डायलिसिस रुग्णांवरच्या ‘हेमो’ नावाच्या अभ्यासाच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, ज्यांचे बीपी डायलिसिसमध्ये वारंवार पडत होते, त्यांचे फिस्टुला गुठळीने बंद होण्याचे प्रमाण, ज्यांचे क्वचितच पडे त्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. बीपी उतरले की फिस्टुलातला प्रवाह मंदावतो, आणि शीर आधीच कुठे अरुंद झालेली असेल तर रक्त तिथे साकळते. म्हणूनच दोष एकट्या सोमवारवर टाकू नका. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून अरुंद जागा शोधायला हवी, नाहीतर गुठळी काढूनही फिस्टुला पुन्हा बंद पडेल. गुठळी काढायची असल्यास पहिले एक-दोन दिवस मोलाचे असतात, त्यामुळे आजच विचारा.

दुसरे म्हणजे, ताशी किलोमागे 13 मिलीपेक्षा जास्त वेगाने पाणी काढू नये, असा संकेत आहे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत चार तासांत ते जेमतेम तीन लिटर होते. चार लिटर चढलेच कसे, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर 2 : माझ्या आईच्या वेळी आम्ही ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचे वजन) नव्याने ठरवून घेतले आणि आठवड्याला तिसरी पाळी वाढवली. फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा, घट्ट बांगडी, उशीखाली हात, सगळे बंद. सुई काढल्यावर पट्टी करकचून बांधणारेही भेटतात. त्यांना तिथल्या तिथे टोकावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. डॉपलरची वेळ आज दुपारची मिळाली आहे. एक गोष्ट मात्र लिहायची राहिली : वडील बीपीची गोळी पहाटेच घेऊन निघतात आणि डायलिसिस चालू असतानाच डब्यातले थालीपीठ खातात. याने फरक पडतो का?

उत्तर 1 : पडतो. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळते, त्यामुळे तिसऱ्या तासाचा डबा बंद करा. गोळीची वेळ मात्र नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारूनच बदला.